मानेतली नस दबली आहे का? हाताच्या बोटांवरून ओळखायचं कसं

गेल्या पावसाळ्यात पुण्यातल्या सिंहगड रस्त्यावरच्या माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात पंचेचाळिशीचे एक गृहस्थ आले. तक्रार एवढीच, की गाडी डबल स्टँडला लागत नाही, उजवा हात जोर धरत नाही. तीन आठवडे ते उजव्या खवाट्यावर बाम चोळत होते, कारण दुखत तिथे होतं. मानेचं विचारलं तर म्हणाले, "मान ठीक आहे हो, जरा आखडते एवढंच." मी त्यांना भिंतीसमोर उभं केलं, दोन्ही तळवे भिंतीला टेकवून वाकायला आणि मग स्वतःला मागे ढकलायला सांगितलं. डावं कोपर सरळ झालं. उजवं अर्ध्यावर थरथरलं आणि मिटलं. "मधलं बोट कसं आहे?" असं विचारल्यावर ते बोटाकडे बघत राहिले. बोट तेव्हापासूनच बधिर होतं, पण खवाट्याच्या दुखण्याशी त्याचा संबंध असेल हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मानेच्या सहाव्या आणि सातव्या मणक्यांमध्ये नस दबली की बहुतेक वेळा असंच दिसतं. बिघाड मानेत असतो आणि बोंब हात मारतो. म्हणून मानेइतकंच हाताकडेही बघायला शिकायचं. ते घरी कसं करायचं, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

सगळ्यात आधी धोक्याच्या खुणा

यातलं काहीही असेल तर खालच्या चाचण्या करत बसू नका.

छातीत दाब, घाम, धाप, जबड्याकडे किंवा डाव्या हातात जाणारी कळ, चालताना वाढणारं दुखणं असेल तर मानेचा विचार बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना हृदयाचं दुखणं छातीत न जाणवता फक्त हातात, पाठीत किंवा नुसत्या दमण्यातही जाणवू शकतं.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. मणक्यांच्या पोकळीतून मुख्य मज्जारज्जू खाली जातो. दबाव बाजूला फुटणाऱ्या नसेवर न येता या मज्जारज्जूवर आला, तर दुखणं फारसं नसतं, पण हातापायांची घडी विस्कटते. साडीच्या निऱ्या बोटांत बसत नाहीत. शर्टाची बटणं लावायला दुप्पट वेळ लागतो, सही बदलते, चप्पल पायातून निसटलेली कळत नाही, जिना उतरताना कठडा धरावा लागतो. मान खाली घातली की पाठीतून पायांपर्यंत विजेसारखी लहर जाते. घरचे म्हणतात, "वय झालं आता," आणि महिने निघून जातात. घरात असं कोणी असेल तर त्यांना १० सेकंदांत मूठ जितक्या वेळा पूर्ण उघडता-मिटता येईल तितक्या वेळा करायला सांगा. निरोगी हात २० च्या आसपास किंवा त्याहून जास्त वेळा करतो. आकडा बराच कमी आला, किंवा शहाबादी फरशीच्या सांध्यावरून टाचेला बोटं लावत सरळ चालता येत नसेल, तर याच आठवड्यात न्यूरोलॉजिस्ट किंवा स्पाइन सर्जनला दाखवा. लघवी तुंबणं, कळायच्या आत होणं किंवा पाय लुळे पडत जाणं सुरू झालं असेल तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. पुणे स्टेशनजवळचं ससून रुग्णालय चोवीस तास उघडं असतं.

मानदुखीसोबत ताप, वजन घटणं, रात्री पडल्यावरही न थांबणारी वेदना, पूर्वी कर्करोग किंवा क्षयरोग, गाडीवरून पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, हे सगळं डॉक्टरांनी आधी बघायचं. क्षयरोग फुप्फुसातच होतो असं नाही, तो मणक्यातही होतो.

'नस' म्हणजे नेमकी कोणती?

मराठीत आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही. पोटरीत गोळा आला तरी 'नस चढली' म्हणतो. त्यामुळे 'मानेतली नस दबली' हे ऐकलं की लोकांना रक्त अडल्यासारखं वाटतं, आणि ते मोकळं करायला तेल लावून चोळणं सुरू होतं. इथे दबतो तो मज्जातंतू, म्हणजे हाताला हुकूम नेणारी आणि हाताची खबर आणणारी तार.

मानेत ७ मणके आणि नसांच्या ८ जोड्या आहेत. प्रत्येक नस दोन मणक्यांमधल्या बाजूच्या खिडकीतून बाहेर पडते. तरुण वयात मधली गादी फुगून किंवा फाटून तिच्यातला गर या खिडकीत येतो. 'गादी सरकली' असं म्हणतात, पण ती जागची हलत नाही. पन्नाशीनंतर गादी झिजते, कडेला हाडाची टोकं वाढतात आणि खिडकीच अरुंद होते. नुसत्या दाबाने एवढी आग होत नाही, फाटलेल्या गादीतली रसायनंही नसेला सुजवतात. सूज ओसरते, फुगवटा पुष्कळदा आकसतो, म्हणूनच बरेच लोक शस्त्रक्रियेशिवाय बरे होतात.

पहिली पायरी: दुखण्याला त्याचं खरं नाव द्या

डॉक्टरांपुढे बसल्यावर 'हात दुखतो' एवढंच सांगू नका. आपल्या भाषेत दुखण्याला इतकी नावं आहेत आणि त्यातलं प्रत्येक काहीतरी वेगळं सांगतं.

मान आणि खांद्याच्या मधल्या पट्ट्यात नुसतं भरून आलंय, दाबलं की बरं वाटतं, हे बहुधा स्नायूंचं आखडणं. एका कुशीवर झोपून उठल्यावर मान धरली, दोन-चार दिवसांत सुटली, तेही तसंच. सांधा ठणकतो. नस चमकते. मानेतून किंवा खवाट्यातून निघून दंडावरून कोपराखाली रेघ ओढल्यासारखी जाणारी कळ, मिरची लागल्यासारखी आग, मुंग्या, झिणझिण्या, ही नसेची भाषा. त्यापुढची पायरी बधिरपणाची, म्हणजे स्पर्श कळतो पण हातमोजा घातल्यासारखा. आणि 'हात जड पडलाय' असं कोणी म्हटलं की मी नेहमी पुढचा प्रश्न विचारते: जड वाटतो, की उचलत नाही? दोन्हींत फार फरक आहे.

खवाट्याच्या आतल्या कडेला बोट रुतल्यासारखं दुखणं ही बऱ्याचदा पहिली खूण असते. हाताच्या मुंग्या त्यानंतर काही दिवसांनी येतात.

दुसरी पायरी: बोटांचा नकाशा काढा

जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करा, त्यावर हात ठेवून पेन्सिलीने बाह्यरेषा काढा. दोन्ही हातांची, तळव्याच्या आणि पाठीच्या बाजूने. आता समईची कापसाची वात घ्या, डोळे मिटा आणि घरच्या कोणाला तरी ती दोन्ही हातांच्या बोटांवरून, मनगटावरून, कोपरापर्यंत हलकेच फिरवायला सांगा. जिथे स्पर्श दुसऱ्या हातापेक्षा फिका लागतो, तिथे कागदावर तिरप्या रेघा मारा. मुंग्या येतात तिथे ठिपके.

मग हे ताडून बघा.

अंगठा आणि तर्जनी, शिवाय हाताची अंगठ्याकडची कड कोपरापर्यंत, असा पट्टा असेल तर सहावी नस, डॉक्टरांच्या भाषेत सी ६. ही पाचव्या-सहाव्या मणक्यांमध्ये दबते. पाण्याने भरलेला तांब्या उचलताना मनगट खाली झुकतं, कोपर दुमडण्याचा जोर कमी होतो.

मधलं बोट बधिर असेल तर सातवी, सी ७. सगळ्यांत जास्त वेळा हीच दबते आणि तिच्यानंतर सहावी. कोपर सरळ करणारा दंडाच्या मागचा स्नायू तिच्यावर चालतो. दुचाकी मागे ढकलणं, जड दार लोटणं, खुर्चीच्या हातांवर रेटा देऊन उठणं, माळ्यावर डबा सरकवणं, यात ती उघडी पडते.

करंगळी, अनामिका आणि हाताची आतली कड असेल तर आठवी. पकड जाते. बरणीचं झाकण निघत नाही, कुलपातली किल्ली फिरवताना बोटं घसरतात, रांगोळी चिमटीतून नीट सुटत नाही.

पाचवी नस बोटांपर्यंत येतच नाही. तिचा बधिरपणा खांद्याच्या गोलाईवर, जिथे बाहीची शिवण येते त्याच्या खाली असतो, आणि केस विंचरायला हात वर जात नाही. या नसेचे रुग्ण हमखास खांद्याच्या उपचारांत अडकतात.

नकाशा दर वेळी इतका स्वच्छ येत नाही. शेजारशेजारच्या नसांचे पट्टे एकमेकांवर चढलेले असतात, आणि कोणाच्या हातात पट्टा अर्ध्या बोटाने इकडेतिकडे असतो. पण दोन्ही हातांची सगळी बोटं सारखीच बधिर असतील, तर ती एकट्या दबलेल्या नसेची खूण नव्हे. तेव्हा वर सांगितलेला मज्जारज्जू, मधुमेह आणि बी १२ जीवनसत्त्व हे तिन्ही तपासायचे.

तिसरी पायरी: मान हलवून हाताचं ऐका

अपघात झालेला असेल, आमवात असेल किंवा हाडं ठिसूळ झालेली असतील तर ही पायरी सोडा. बाकीच्यांनी पाठ टेकून खुर्चीत बसावं.

हनुवटी हळूहळू दुखऱ्या बाजूच्या खांद्याकडे वळवा. ती खांद्याच्या रेषेपर्यंत साधारण दोन-तृतीयांश तरी जाते का बघा, आणि दुसऱ्या बाजूशी तुलना करा. मग त्याच बाजूला मान किंचित कलती करून वर छताकडे बघा आणि १० सेकंद थांबा. या स्थितीत खिडकी अरुंद होते. कळ किंवा मुंग्या हातात उतरल्या तर लगेच मान सरळ करा, उत्तर मिळालं. फक्त मानेतच ताण आला तर ते उत्तर धरू नका. दवाखान्यात आम्ही याच स्थितीत डोक्यावर वरून हलका दाब देतो. घरात कोणाला तसं करू देऊ नका.

आता उलट बाजू बघा. दुखऱ्या हाताचा तळवा डोक्यावर ठेवा. नस सैल पडते, आणि मिनिटभरात कळ उतरली तर मानेचा संशय पक्का होतो. पुष्कळ लोकांनी हे स्वतःच शोधलेलं असतं. दवाखान्याच्या बाकावर कोणी डोक्यावर हात ठेवून बसलेलं दिसलं, की त्यांचा केस पेपर उघडण्याआधीच माझी नजर त्यांच्या बोटांकडे जाते.

चौथी पायरी: जोर तपासा

ही पायरी लोक टाळतात, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत महत्त्वाची. दुखणं वर-खाली होत राहतं. कमी झालेली ताकद मात्र सरळ सांगते, की हुकूम स्नायूपर्यंत पोचत नाही.

भिंतीची चाचणी वर सांगितलीच. ती एका वेळी एका हाताने करा. मग कोपर दुमडून धरा आणि दुसऱ्याला ते ओढून सरळ करायला सांगा. मूठ वळून मनगट वर उचला, वरून दाब द्यायला सांगा. शेवटी बोटं पसरून दोन बोटांमध्ये कागद धरा आणि दुसऱ्याला तो ओढायला सांगा. दर वेळी दोन्ही हात. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा डावा थोडा कमी असतोच, त्याची काळजी नको. दुखतं म्हणून जोर सोडला, की दुखत नसतानाही जोर लागला नाही, एवढं लिहून ठेवा. हात स्वतःचं वजनही उचलत नसेल, किंवा दोन-तीन दिवसांत जोर आणखी घटला असेल, तर वाट बघायची नाही.

मानेचं सोंग घेणारी दुखणी

एक मुलगी ढोल-ताशा पथकात ताशा वाजवते. गणेशोत्सवाआधी नदीपात्रात सराव सुरू झाला आणि तिच्या अंगठ्यात, तर्जनीत, मधल्या बोटात मुंग्या यायला लागल्या. गळ्यात ताशाचा पट्टा असतो, तेव्हा घरच्यांनी मानेचंच धरलं आणि मानेचा पट्टाही आणला. विचारल्यावर तिने सांगितलं, की रात्री दोन-तीनला जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. मान कशीही वळवली तरी बोटांत काही बदल नाही. वात फिरवली तर अनामिकेची मधल्या बोटाकडची अर्धी बाजूच फिकी, करंगळीकडची अर्धी ठणठणीत, मनगटाच्या वर सगळं छान. नस दबली होती ती मनगटात, काठ्या पकडून पकडून. अनामिकेची ही अर्धी-अर्धी वाटणी लक्षात ठेवा. मनगटातल्या नसेची ती फार विश्वासू खूण आहे.

करंगळीचंही तसंच. फोन कानाला लावून, म्हणजे कोपर दुमडून बसलं की करंगळीत मुंग्या वाढत असतील आणि मनगटाच्या वर हात चांगला असेल, तर नस कोपरामागे दबली आहे. बधिरपणा हाताच्या आतल्या कडेने कोपराकडे चढत असेल तर मानेकडे वळा.

पाठीमागे हात नेऊन ब्लाउजचं हूक लावता येत नाही, त्या कुशीवर झोपवत नाही, पण कोपराखाली काही नाही, असं असेल तर खांदा आखडला आहे. मधुमेहींमध्ये हे फार दिसतं. तळपायांपासून सुरू होऊन दोन्ही बाजूंनी सारखा वर चढणारा बधिरपणा मधुमेहाचा किंवा बी १२ च्या कमतरतेचा असतो. शाकाहारी घरांत बी १२ ची रक्ततपासणी करायला मी आवर्जून सांगते. पट्ट्यात आग होऊन काही दिवसांनी तिथेच फोड उठले तर ती नागीण, लगेच डॉक्टर. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या हाताच्या आतल्या बाजूला सतत दुखतंय आणि त्याच बाजूची पापणी खाली आली आहे, तर छातीचा एक्स-रे आधी.

एमआरआय कधी?

पहिल्याच दिवशी नको. जपानमध्ये मानेचा काहीही त्रास नसलेल्या १,२११ जणांचे एमआरआय काढले, तेव्हा त्यातल्या ८७.६ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या दिसल्या. म्हणजे अहवालात 'गादी फुगलेली' असं लिहून आलं तरी तीच दुखवते आहे हे सिद्ध होत नाही. तुमचा बोटांचा नकाशा आणि फिल्मवरची पातळी जुळली तरच त्याला अर्थ. ताकद घटत असेल, धोक्याची खूण असेल, किंवा सहा आठवडे नीट उपचार करूनही फरक नसेल, तर एमआरआय हवाच. मनगट की मान असा घोळ असेल तर नसांची विजेची तपासणी उपयोगी पडते, पण दुखणं सुरू होऊन तीन आठवडे झाल्याशिवाय तीत पुरेसं दिसत नाही.

पहिले सहा आठवडे

अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या रॉचेस्टरमध्ये १९७६ ते १९९० या काळातल्या ५६१ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. साधारण चौघांत एकावर शस्त्रक्रिया झाली होती, आणि शेवटच्या तपासणीला दहातले नऊ जण एक तर मोकळे झाले होते किंवा किरकोळ त्रासावर आले होते. बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत उतार पडतो. या काळात मानेला सांभाळायचं, पण बांधून ठेवायचं नाही. मानेचा पट्टा लागलाच तर थोडे दिवस, डॉक्टर सांगतील तेवढाच. उशी एक, खांदा आणि डोकं यांच्यामधली जागा भरेल इतपत. वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने आठवडेच्या आठवडे घेऊ नका, मूत्रपिंड, रक्तदाब आणि पोट यांवर त्या बेततात. नसेच्या गोळ्यांनी गुंगी येते, तेव्हा त्या घेऊन गाडी चालवायची नाही.

दुचाकीचा प्रश्न पुण्यात टाळताच येत नाही. मान वळवून मागचं बघता येत नसेल तोवर गाडी पार्किंगलाच राहू दे, बसने किंवा रिक्षाने जा. पण 'हेल्मेटमुळे मान दुखते' म्हणून हेल्मेट सोडून गाडीवर बसणं हा उपाय नव्हे. डोक्यात बसणारं, हलकं हेल्मेट घ्या आणि गतिरोधकावर वेग खरंच कमी करा.

आणि एक कळकळीची विनंती. केस कापून झाल्यावर सलूनमध्ये 'कट्' असा आवाज काढत मान मोडून घेतात, ते आजपासून बंद करा. अशा झटक्याने मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत.

डॉक्टरांकडे जाताना कॅलेंडरचा तो कागद बरोबर न्या. सुरुवात कधी झाली, रात्री जाग कशाने येते, डोक्यावर हात ठेवून काय होतं आणि जोर कुठे कमी आहे, एवढं त्याच कागदाच्या कोपऱ्यात लिहा. दर रविवारी नवी बाह्यरेषा काढून तारीख घाला. दुखणं साधारणपणे आधी जातं, जोर मागून येतो, बधिरपणा सगळ्यांत चिवट. ते डबल स्टँडवाले गृहस्थ नवव्या आठवड्यात गाडी स्वतः स्टँडला लावून आत आले. त्यांच्या कागदावर मधल्या बोटाच्या टोकाला तांदळाएवढ्या तिरप्या रेघा मात्र अजून होत्या.